समोरच्या उंबऱ्यावरचे बूट

पावसाळ्यात आमच्या इमारतीत पहाटे साडेपाचलाच दिवे लागतात. एरवी सहाला लागतात. जोराचा पाऊस असला की बायका अर्धा तास आधी उठतात, कारण शाळा आहे की सुट्टी हे कळायचं असतं. ते कळेपर्यंत कुठलंच काम धड पुढे नेता येत नाही. कणीक मळून झाकून ठेवायची, पण तवा चढवायचा नाही. ओलसर राहिलेल्या गणवेशावर इस्त्री फिरवून तो खुर्चीवर टाकायचा, पण मुलांना हाक मारायची नाही. सुट्टी असेल तर झोपू देत बिचारी, असं वाटतं. आणि नसेल तर सातच्या शाळेला उशीर होतो. मग चहा करायचा आणि फोनकडे बघत बसायचं.

ठाकुर्लीत आमच्यासारख्या जुन्या चार मजली इमारती बऱ्याच आहेत. एका मजल्यावर चार घरं, दारं समोरासमोर आणि मध्ये अरुंद बोळ. सुट्टीची बातमी आधी त्या बोळात येते. कुणाचा भाऊ ठाण्यात राहतो, तो कळवतो की तिकडे रात्रीच सुट्टी जाहीर झाली. पण ठाण्याची महापालिका वेगळी, आमची वेगळी, आणि जिल्हा मात्र एकच. त्यामुळे सुट्टी पालिकेनं दिली की जिल्हाधिकाऱ्यांनी, यावर सगळं असतं. तळमजल्यावरच्या एका काकूंनी एके वर्षी फोनवर आलेलं पत्र दाखवून सगळ्या इमारतीला सुट्टी देऊन टाकली. पत्र खरं होतं, सही होती, शिक्का होता. फक्त ते गेल्या वर्षीचं होतं. तेव्हापासून कुणी काही पाठवलं की बायका आधी तारीख बघतात, आणि त्या काकूंना अजून "काय शिक्षणाधिकारी, आज काय आदेश?" असं विचारतात.

समोरच्या ताईंची भाची परदेशात असते. तिकडे बर्फ पडला की शाळा बंद ठेवतात आणि तसा निरोप आईबापांना आदल्या रात्रीच जातो, असं ताई सांगायच्या. "आणि आपल्याकडे बघा," म्हणायच्या, "पोरं भिजून शाळेत पोचली, पाऊस थांबला, ऊन पडलं, की सुट्टी जाहीर."

ताई आमच्या अगदी समोरच्या दारात राहतात. माझ्याहून आठेक वर्षांनी मोठ्या. माहेर साताऱ्याकडचं, बारावी शिकलेल्या. घरी ब्लाऊज शिवतात. बोलायला लागल्या की जिन्यातून जाणारा माणूस थांबून ऐकतो. मी तशी नाही. मला माणसांसमोर शब्द लवकर सुचत नाहीत. सुचतात तेव्हा माणूस निघून गेलेला असतो.

माझ्या फोनवर शाळेचं काही येत नसे. त्याचं कारण असं. मुलीचं पहिलीत नाव घातलं तेव्हा माझ्याकडे फोन नव्हता. घरात एक होता, तो ह्यांच्याकडे. हे पहाटे पाचला भिवंडीला गोदामात कामाला जातात आणि तिथे फोन कपाटात ठेवावा लागतो. शाळेच्या फॉर्मवर पालकांचा नंबर लिहायची जागा होती. खिडकीपलीकडचा कारकून पेन टेबलावर वाजवत होता, मागे रांग होती, आणि मला काय लिहावं ते कळेना. ताई शेजारी उभ्या होत्या. त्यांच्याही मुलीचं नाव त्याच दिवशी त्याच वर्गात घातलं होतं. त्या म्हणाल्या, "माझा लिही ना. समोरासमोर तर राहतो." मी लिहिला.

दोन वर्षांनी मला फोन मिळाला. मी ताईंकडे गेले आणि म्हटलं, "शाळेत आता माझा नंबर देऊ का?"

त्या मशीनवर बसल्या होत्या. पाय न थांबवता म्हणाल्या, "दे की. मला काय." मग पाय थांबवून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "का गं? माझं काही चुकलं का सांगण्यात?"

"नाही नाही, तसं नाही."

"मग असू दे की. मी आहे ना."

तो विषय तिथेच संपला. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. शाळेत जाऊन अर्ज द्यायचा, साहेबांशी बोलायचं, ते टळलं.

पण रोज पहाटे त्यांचं दार वाजवून विचारायचं, तेही मला जमायचं नाही. त्यांचे मिस्टर झोपलेले असतील, त्या आंघोळीला गेल्या असतील, असं वाटून मी दारापर्यंत जाऊन परत यायचे. मग माझ्या एक गोष्ट लक्षात आली. ताईंच्या मुलीचे गुलाबी रबरी बूट रात्री घरात असायचे, कारण जिन्यात झोपणाऱ्या कुत्र्यानं एकदा त्यातला एक पळवून गच्चीवर नेला होता. शाळा असली की ताई सकाळी सहाला ते बूट उंबऱ्याबाहेर मांडायच्या. सुट्टी असली की ते बाहेर यायचेच नाहीत. माझी विचारण्यातून सुटका झाली. सव्वासहाला मी दार थोडं उघडून समोर बघायचे. बूट दिसले की तवा चढवायचा. नाही दिसले की गॅस बंद करायचा आणि मुलीच्या अंगावर पांघरूण ओढायचं. पहिलीपासून तिसरीपर्यंत ते एकदाही चुकलं नाही.

मला वाटायचं हे फक्त मलाच माहीत आहे. मागच्या पावसाळ्यात एकदा आम्ही दोघी जिन्यात लसूण सोलत बसलो होतो. ताई एकदम म्हणाल्या, "काय गं, सव्वासहाला रोज माझ्या दारात काय बघतेस? माझा नवरा पळवायचाय का?"

मी लाजून लाल झाले. त्या हसायला लागल्या.

"बूट बघतेस. कळतं मला. वेडीच आहेस. अगं, माझी तर साडेसहाला उठते. तुझ्यासाठी ठेवते मी ते सहाला, नाहीतर मला काय घाई?"

हे त्या स्वतः म्हणाल्या होत्या. पुढचं लिहायच्या आधी हे लिहून ठेवते, कारण नंतर मला स्वतःलाच शंका यायला लागली होती की त्या असं म्हणाल्या होत्या की मी मनानंच धरलं होतं. त्या म्हणाल्या होत्या. लसणाची सालं माझ्या ओच्यात होती.

त्यांनी माझ्यासाठी पुष्कळ केलंय, हेही लिहायला हवं. मुलगी दुसरीत असताना तिला डेंग्यू झाला तेव्हा चार दिवस दवाखान्यात ताई माझ्याबरोबर बसल्या. डॉक्टरांशी त्याच बोलायच्या. मी नुसती मुलीचे पाय चेपत बसायचे. डॉक्टर काही सांगून गेले की त्या मला परत सगळं सोप्या शब्दांत सांगायच्या. हे सुट्टी घेऊन आले तेव्हा ताईंनी त्यांनाच झापलं, "बायकोला एकटं टाकून गोदामं कसली राखता?" ह्यांना कुणी असं बोललं तर ते ऐकून घेत नाहीत. ताईंचं ऐकून घेतलं.

यंदा दोन्ही मुली चौथीत गेल्या. चौथीला शिष्यवृत्तीची परीक्षा असते. मुलीच्या शाळेत दोन तुकड्या आहेत, आणि दोन्हींतून मिळून पंचवीस मुलं निवडतात. त्यांचा शाळा सुटल्यावर वेगळा वर्ग घेतात आणि परीक्षेचे फॉर्मही शाळा त्याच पंचवीस मुलांचे भरते. निवड एका चाचणीवर असते. बाकीच्या मुलांना कुणी अडवत नाही, पण त्यांच्याकडे नंतर कुणी बघतही नाही.

मला ती चाचणी फार महत्त्वाची वाटत होती. मी स्वतः चौथी शिकलेली आहे. आमचं गाव खडवलीच्या आत. गावात शाळा चौथीपर्यंतच होती. पाचवीची शाळा नदीच्या पलीकडे. जूनमध्ये नदीला पाणी आलं. वडील म्हणाले, पाणी उतरलं की जा. मी दप्तर भरून ठेवलं होतं. पाणी उतरलं तेव्हा भातकापणी सुरू झाली, आणि नंतर कुणी काही बोललं नाही. मीही विचारलं नाही. माझी मुलगी चौथीत आहे म्हटल्यावर मला सारखं तेच आठवत होतं. इथून पुढे तिला कुणीतरी हाताला धरून न्यावं असं वाटत होतं, कारण इथून पुढचं मला माहीत नाही.

चाचणीच्या आधी दोन्ही तुकड्यांचा मिळून दोनदा सराव झाला. माझ्या मुलीचा नंबर एकदा नववा आला आणि एकदा अकरावा. ताईंच्या मुलीचा एकदा सव्विसावा आणि एकदा तिसावा. वर्गाच्या बाईंनी ती यादी पालकांच्या ग्रुपवर टाकली होती. ताईंनी मला त्यांच्याच फोनवर दाखवली. माझ्या मुलीचं नाव त्यांनी बोट ठेवून वाचलं.

"तुझीला शिकवतं कोण गं घरी?"

"कुणी नाही. तिची तीच बसते."

"हो ना. तू तर चौथी." असं म्हणून त्या हसल्या. "माझी बघ. मी बारावी, बाप पदवीधर, आणि ही तिसावी. काल त्यांनी एवढा तमाशा केला घरात. म्हणाले, समोरच्यांची येते पुढे, तुला काय झालंय?"

मी काहीतरी बोलले, की अजून वेळ आहे, येईल तिचाही नंबर. मला वाईट वाटलं होतं आणि थोडा आनंदही झाला होता. तो आनंद माझ्या तोंडावर दिसला असेल का, याचा मी नंतर बराच विचार केला.

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी पाऊस सुरू झाला तो थांबेचना. बोळात बायका जमल्या. ठाण्याला सुट्टी जाहीर झाल्याचं कळलं होतं. उल्हासनगरचं कुणी काही, कुणी काही सांगत होतं. आमच्याकडचं काहीच नक्की नव्हतं. शिक्षणाधिकारी काकू म्हणाल्या, "मी काही बोलत नाही बाई या वर्षी." सगळ्या हसल्या. ताईंनी फोन बघून सांगितलं, "शाळेनं लिहिलंय, उद्याचं सकाळी कळवू."

"बरं," मी म्हटलं. "मग मी सकाळी बघते."

"बघ," ताई म्हणाल्या.

पहाटे हे गेले तेव्हा जिन्यात पाणी गळत होतं. मी मुलीच्या पेन्सिली टोक काढून ठेवल्या होत्या. लिहायचं पॅड पुसून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून दप्तराला लावलं होतं. सव्वासहाला दार उघडलं. समोर बूट नव्हते. उंबऱ्यापुढची फरशी कोरडी आणि मोकळी होती. मी आत आले. पाच मिनिटांनी परत बघितलं. मग साडेसहाला पुन्हा. तिसऱ्यांदा बघितलं तेव्हा त्यांच्या दाराखालून उजेड दिसत होता. मी दोन पावलं पुढे गेले, हातही वर केला. मग वाटलं, सुट्टी आहे, निवांत चहा पीत असतील, आपण कशाला त्रास द्यायचा. परत आले आणि गॅस बंद केला.

मुलगी अंथरुणातूनच म्हणाली, "सुट्टी?"

"हो. झोप."

"मग पेपर?"

"पुढे ढकलला असेल. झोप तू."

सुट्टी आहे असं तिला मी सांगितलं. ताईंनी नाही सांगितलं.

पाऊस नऊपर्यंत होता. मग कमी झाला. मुलगी उठली, खिडकीत बसून तिनं पाढे म्हटले, मग टीव्ही लावून मागितला. मी लावून दिला. सव्वाबाराच्या सुमाराला मी केर टाकायला दार उघडलं, तर ताईंची मुलगी रेनकोटमध्ये जिना चढून येत होती. पायात ते बूट होते. तिच्या मागे ताई, हातात छत्री आणि मुलीचं दप्तर.

मुलगी मला बघून म्हणाली, "काकू, ती का नाही आली? आज पेपर होता ना. सोप्पा होता."

मी ताईंकडे बघितलं. त्या छत्री झटकत होत्या. "अगं, तू पाठवलं नाहीस? मला वाटलं, पावसाचं नको म्हणून ठेवलंस घरी." एवढं बोलून त्यांनी कुलूप काढलं. "चल गं, भिजलीस, डोकं पूस आधी." आणि दार लावून घेतलं.

मी केराची बादली घेऊन तशीच उभी होते. माझी मुलगी मागून दारात आली होती. तिनं सगळं ऐकलं. ती रडली नाही. ती म्हणाली, "आई, तू म्हणालीस ना सुट्टी आहे?"

रात्री ह्यांना सांगितलं. ते जेवत होते. म्हणाले, "तूच त्यांचा नंबर दिलास. आता कुणाला बोलणार?" थोड्या वेळानं म्हणाले, "एक परीक्षा गेली. एवढं काय त्यात." मी पोळी वाढली. ते वाईट माणूस नाहीत, दमलेले होते. पण तेवढं बोलायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी मी मुलीला सोडायला गेले आणि गेटवरून परत न येता आत गेले. वर्गाच्या बाईंना भेटायला मला पंधरा मिनिटं लागली, त्यातली दहा मिनिटं मी जिन्यातच उभी होते. बाई चांगल्या आहेत. त्यांनी मला बसायला सांगितलं. मी म्हटलं, काल मुलगी येऊ शकली नाही, तिची चाचणी परत घ्याल का.

"अहो, पण आम्ही सकाळी सहाच्या आधीच कळवलं होतं," बाई म्हणाल्या. "शाळा सुरू आहे, चाचणी ठरल्याप्रमाणे होईल, असं स्पष्ट लिहिलं होतं. आणि ज्यांना पाण्यामुळे येता येत नाही त्यांनी साडेआठपर्यंत कळवावं, असंही लिहिलं होतं. सहा जणांनी कळवलं, त्यांची आम्ही दुपारी दोनला घेतली. तुम्ही काहीच कळवलं नाहीत."

"दोनला?" मी विचारलं.

"हो, दुपारी दोनला."

म्हणजे सव्वाबाराला ताई जिन्यात छत्री झटकत होत्या तेव्हा अजून पावणेदोन तास होते. साडेआठची वेळ गेली होती हे खरं. पण मी मुलीला घेऊन धावत आले असते, बाईंच्या पाया पडले असते, त्यांनी कदाचित बसवलं असतं. सहा होती, सातवी झाली असती. ताईंना हे माहीत होतं. त्यांच्या फोनवर लिहिलेलं होतं.

"आता तोच पेपर परत देता येणार नाही हो," बाई म्हणाल्या. "मुलांनी घरी जाऊन प्रश्न सांगितलेले असतात. तुमची मुलगी चांगली आहे. मला स्वतःला आश्चर्य वाटलं ती आली नाही तेव्हा." मग त्यांनी रजिस्टर उघडलं. "हा नंबर तुमचाच ना?"

मी बघितलं. ताईंचा नंबर. तो मला पाठ आहे, माझा स्वतःचा नाही.

"नाही," मी म्हटलं. "तो माझा नाही."

त्यांनी मला कागद दिला. मी तिथेच ऑफिसच्या बाकावर बसून अर्ज लिहिला. चार ओळींचा. कारकून तोच होता. त्यानं वाचला आणि म्हणाला, "चार वर्षं काय करत होता तुम्ही?" मी त्याचं पेन परत दिलं. आता घरी बसून उत्तर सुचतंय, पण ते त्याला द्यायचं नाही.

घरी येताना मी मनात सगळं परत परत मांडून बघितलं. कदाचित बूट ओले असतील म्हणून आत राहिले असतील. कदाचित त्या गडबडीत विसरल्या असतील. पण आदल्या दिवशी पाऊस संध्याकाळी, शाळा सुटून गेल्यावर सुरू झाला होता, बूट कोरडेच असणार. आणि ज्या दिवशी सगळी इमारत पहाटेपासून सुट्टीची वाट बघते, त्याच दिवशी कुणी विसरत नाही. त्यांनी मुलीला घरातच बूट घातले असतील. तिला म्हणाल्या असतील, आवाज करू नको, खाली चल. पाऊस पत्र्यावर एवढा वाजत होता की मला दाराची कडीसुद्धा ऐकू आली नाही.

पाच दिवसांनी शाळेच्या फळ्यावर यादी लागली. मी दुपारी मुलीला आणायला गेले तेव्हा पाहिली. पंचवीस नावं मी वरून खाली वाचली. मला वेळ लागतो, मागची माणसं पुढे सरकत होती. ताईंच्या मुलीचं नाव चोविसावं होतं. माझ्या मुलीनं आधीच बघितलं असावं. ती माझा हात ओढत म्हणाली, "चल ना आई, माझं नाहीये त्यात."

त्याच संध्याकाळी ताई बशीत पेढे घेऊन आल्या. आमच्या मजल्यावर काही चांगलं झालं की सगळ्या घरांत देतात, त्यामुळे आमच्या घरी न येणं बरं दिसलं नसतं. मी दारातच उभी राहिले. त्यांना आत या म्हटलं नाही. हे मी आयुष्यात पहिल्यांदा केलं.

"घे गं," त्या म्हणाल्या. "तोंड गोड कर. लागला बाई एकदाचा नंबर. आमच्या ह्यांचं तोंड तरी बंद झालं."

मी बशी घेतली. आणि मला नेहमी नंतर सुचतं ते त्या वेळी सुचलं. मी म्हटलं, "ताई, त्या दिवशी बूट आत का ठेवले?"

"कुठले बूट?"

"तुम्हाला माहीत आहे कुठले."

त्या हसल्या. "काय बाई तरी. मी तुला म्हटलं का सुट्टी आहे म्हणून? एक शब्द तरी बोलले का?"

"नाही बोललात."

"मग?"

मी फक्त बघत राहिले. मला बोलता येत नाही, पण थांबता येतं. त्या दाराच्या चौकटीवर बोट फिरवायला लागल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुझी हुशार आहे गं. तिचं काही अडणार नाही, कुठंही पुढं जाईल. माझीला ढकलावं लागतं. तुला काय माहीत, घरात काय काय ऐकून घ्यावं लागतं मला."

"दुपारी दोनला परत घेतली चाचणी. तेही सांगितलं नाहीत."

यावर त्यांना पटकन काही सुचलं नाही. त्यांना सुचलं नाही असं मी कधी बघितलं नव्हतं. मग त्या चिडल्या. "तू विचारायचं होतंस ना? समोर दार आहे. एवढी शाळेची काळजी होती तर दार वाजवायचं होतंस. विचारलं असतंस तर मी काय खोटं बोलले असते का?"

असं बोलून त्या वळल्या, आणि त्यांचं दार लागलं.

मी तेव्हापासून त्या वाक्याचाच विचार करतेय. मी विचारलं असतं तर? हात वर केला होता, दार दोन बोटांवर होतं. त्या खरं बोलल्या असत्या की खोटं, हे आता मला कधीच कळणार नाही. कधी वाटतं, माझं तोंड बघून त्यांना खोटं बोलवलं नसतं. माझी मुलगी त्या यादीत असती आणि त्या अजून माझ्या ताई असत्या. मग मला माझाच राग येतो. आणि मग वाटतं, त्यांना पक्कं माहीत होतं की मी विचारणार नाही. चार वर्षं त्या मला बघत होत्या. दवाखान्यात माझ्या वतीनं डॉक्टरांशी बोलत होत्या, तेव्हाही बघत होत्या. माझं हेच त्यांना सगळ्यांत जास्त माहीत होतं, आणि त्यांनी तेच वापरलं. नुसती चाचणी गेली असती तर मी विसरले असते. हे विसरता येत नाही.

त्या संध्याकाळी ताई गेल्यावर मुलीनं विचारलं, "आई, मी पेढा खाऊ?"

"खा."

तिनं दोन खाल्ले. म्हणाली, "ती म्हणालीये, वर्गात जे शिकवतील ते मला सांगेल ती." मी म्हटलं, बरं. मुलींचं मुलींपाशी. त्या अजून एकत्र जातात, पण येताना माझी एकटी येते. दुसरी दीड तास मागे थांबते.

मी बशी घासली, कोरडी पुसली. आमच्याकडे कुणाची बशी रिकामी परत देत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. ताईंची आणि माझी भांडी चार वर्षं अशीच ये-जा करत होती, कधी आमसुलं, कधी चकल्या, कधी नुसती साखर. मी साखरेचा डबा फळीवरून काढला. तो हातात धरून थोडा वेळ उभी राहिले. मग परत ठेवला.

दार वाजवलं. या वेळी पहिल्याच फेरीत वाजवलं. ताईंनी उघडलं. मी बशी त्यांच्या हातात दिली. त्यांनी बशीत बघितलं, मग माझ्याकडे.

मी आत आले तेव्हा मुलगी दारामागून बघत होती. हळूच म्हणाली, "आई, साखर घालायला विसरलीस."

"नाही विसरले," मी म्हटलं.